परसातल्या कोंबड्यांचं खाद्य फार वाया जातं, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की घरामागे १० कोंबड्या आहेत, ५० किलोचं पोतं जेमतेम महिना पुरतं आणि खुराड्यात खाली खाद्याचा सडा पडलेला असतो. आधी हिशेब करू. अंड्यावरची कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. गावठी, अंगाने लहान आणि दिवसभर मोकळी चरणारी असेल तर त्याहून कमी. म्हणजे तुमच्या १० जणींना रोज १ किलो १०० ग्रॅमच्या आसपास पुरायला हवं, महिन्याला ३३ किलो. पोतं दीड महिना चाललं पाहिजे. ते महिन्यात संपतंय, याचा अर्थ १७ किलो, पोत्याचा तिसरा हिस्सा, कोंबड्यांच्या पोटात जातच नाहीये. कोंबडीपालनाच्या खर्चात खाद्याचाच वाटा ६० ते ७० टक्के असतो, त्यामुळे तुमची काळजी अगदी रास्त आहे.

पण हे १७ किलो कुठे जातंय ते कळल्याशिवाय भांडं बदलायला जाऊ नका. मी तेच केलं होतं.

आम्ही संगमेश्वर तालुक्यात राहतो. परसात १४ कोंबड्या, काही गावठी, काही गिरिराज या सुधारित जातीच्या. पहिल्या वर्षी खाली पडलेलं खाद्य बघून मला वाटलं, जे जातं ते सगळं सांडूनच जातं. एक भांडं बदललं, मग दुसरं आणलं, शेवटी वैतागून खाद्यच कमी केलं. पंधरा दिवसांत अंडी निम्म्यावर आली आणि पोतं जेमतेम चार दिवस जास्त टिकलं. त्या बिचाऱ्यांना उपाशी ठेवल्याचं मला आजही वाईट वाटतं. मग एका संध्याकाळी कोंबड्या दांडीवर बसल्यावर भांड्यातलं खाद्य स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललं आणि होतं तिथे ठेवलं. पहाटे उजाडायच्या आत पुन्हा तोललं. ४०० ग्रॅम कमी! कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही, एकदा दांडीवर चढली की ती उजाडेपर्यंत खाली उतरून खात नाही. रात्रीत जे कमी झालं ते दुसऱ्याच कुणीतरी नेलेलं. ४०० ग्रॅमच्या हिशेबाने महिन्याला १२ किलो.

तेव्हा तुम्हीही आज रात्री हेच करा. काटा नसेल तर शेजाऱ्यांकडून आणा. दिवसाची नासाडी आणि रात्रीची चोरी वेगळी काढली की अर्धं काम झालं, कारण दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत.

रात्री वजन घटत असेल तर उंदीर आणि घुशी. मोठा उंदीर एका रात्रीत २०-२५ ग्रॅम सहज खातो, घूस तर खाऊन वर बिळात साठवून ठेवते. शिवाय जे खात नाहीत त्यात मुततात, लेंड्या टाकतात. आमच्या कोकणात पावसाळ्यात लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून माणसाला होणाऱ्या तापाची, भीती असते, त्यामुळे हा प्रश्न नुसता पैशांचा राहत नाही. उंदरांच्या मागोमाग धामण येते, कधी नागही येतो, आणि मग अंडीही जातात. यावर सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे तिन्हीसांजेला कोंबड्या डालल्या की खाद्याचं भांडं उचलून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात रिकामं करायचं. सकाळी उठल्या उठल्या परत ठेवायचं. हे एवढंच मी रोज करू लागले आणि पोतं दहा-बारा दिवस जास्त चालायला लागलं. रोज दोन मिनिटांचं काम आहे, पण चुकवायचं नाही.

जाळीबद्दलही सांगते. दुकानात ‘चिकन जाळी’ म्हणून मिळणारी षट्कोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, उंदराला बाहेर ठेवत नाही. अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे तारा एकमेकींना जोडून केलेली चौकोनी घरांची जाळी, घ्या आणि ती खुराड्याच्या कडेने वीतभर-दीड वीत जमिनीत पुरा, म्हणजे घुशीला खालून पोखरता येणार नाही. उंदरांचं विष मात्र खुराड्याच्या जवळपास ठेवू नका. विष खाऊन मेलेला उंदीर कोंबडीने टोचला तर तिच्याही पोटात ते जातं. पिंजरा लावा.

आता दिवसाची नासाडी. भांड्याखाली एक मोठी परात किंवा पत्रा ठेवा आणि संध्याकाळी त्यावर पडलेलं तोला. पडलेल्या खाद्याकडे नीट बघा, ते काय आहे त्यावरून कारण कळतं. सगळं मिसळलेलं, जसंच्या तसं पडलं असेल तर भांडं फार भरलंय किंवा फार खाली आहे. भांड्यात मक्याचा एकही दाणा नाही आणि नुसतं पीठ उरलंय, किंवा पीठच आजूबाजूला उधळलंय, तर कोंबड्या निवडून खातायत.

उंचीचं सांगायचं तर भांड्याची कड कोंबडीच्या पाठीच्या रेषेत यायला हवी. तिला मान थोडी पुढे करून खाता यावं, पाय घालता येऊ नये. कोंबडी पायाने उकरूनच खाणारी जात आहे, तो तिचा स्वभाव आहे. भांडं जमिनीवर ठेवलं की ती त्यात उकरणारच. आम्ही भांडं वाशाला नायलॉनच्या दोरीने टांगलंय आणि दोरीला गाठी मारून ठेवल्यात, तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, वाढल्या की एकेक गाठ वर चढवतो. वर बसायला जागा राहणार नाही असंही बघा, नाहीतर वर बसून खाली शिटतात आणि ते खाद्य मग कोणीच खात नाही.

भरण्याबद्दल माझं ठाम मत आहे: भांड्याच्या पन्हळीत, म्हणजे कोंबडी जिथे चोच घालते त्या खोलगट भागात, एक तृतीयांशाच्या वर खाद्य दिसता कामा नये. काठोकाठ भरलेल्या पन्हळीत कोंबडी चोच आडवी फिरवते आणि मूठमूठ बाहेर फेकते. रोजचं काम वाचावं म्हणून आपण भरून ठेवतो आणि तिथेच नुकसान होतं. एकाच भांड्यावर १० कोंबड्यांची झुंबड होत असेल तर दोन भांडी दोन कोपऱ्यांत ठेवा. थोरल्या कोंबड्या धाकट्यांना टोचून हाकलतात आणि त्या धक्काबुक्कीत बरंच सांडतं. एका कोंबडीला पन्हळीची साधारण ४ इंच कड मिळाली की भांडण कमी होतं.

निवडून खाण्याचा त्रास मॅशमध्ये, म्हणजे भरडलेल्या खाद्यात जास्त होतो. मक्याचे तुकडे टिपून घ्यायचे आणि पीठ ठेवून द्यायचं. पण खनिजं आणि जीवनसत्त्वं त्या पिठातच असतात. ते फेकलं गेलं तर पैसे तर जातातच, वर अंड्याची टरफलंही पातळ व्हायला लागतात. तुमच्याकडे क्रम्बल किंवा पेलेट, म्हणजे सगळं एकत्र दाबून केलेलं दाणेदार किंवा गोळीचं खाद्य, मिळत असेल तर ते घ्या, थोडं महाग पडलं तरी परवडतं. मॅशच मिळत असेल तर दुपारचा हिस्सा पाण्याचा हबका मारून द्या, मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी निथळू नये इतपत. ओलसर पिठातून दाणा वेगळा काढता येत नाही, सगळंच खावं लागतं. मात्र अर्ध्या तासात संपेल इतकंच भिजवा. दमट हवेत ओलं खाद्य फार लवकर आंबतं. सुकं पीठ भांड्यात उरलं असेल तर त्यावर लगेच नवं खाद्य ओतू नका, तासभर थांबा, ते चाटूनपुसून खातात. पण तासभरच, उपास घडवू नका. आणि पाण्याचं भांडं खाद्यापासून चार-पाच फूट लांब असू द्या, नाहीतर ओल्या चोचीला पीठ चिकटतं आणि पाण्यातही जातं.

साठवणीचं सांगितलंच पाहिजे, कारण पावसाळ्यात पोतंच्या पोतं याने जातं. पोतं जमिनीला किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका, खाली फळी द्या. महिन्याभराचंच खाद्य आणा. बुरशीचा वास आला, गोळे झाले, तर ते कोंबड्यांना घालू नका. ऊन दाखवून परत घालणारे लोक मी बघितलेत. वाळवल्याने बुरशी दिसेनाशी होते, पण तिचं अफ्लाटॉक्सिन हे विष तसंच राहतं आणि कोंबडीचं यकृत खराब करतं. वाचवायच्या नादात कोंबडी जाते. खड्ड्यात पुरा आणि विसरून जा.

घरातला उरलेला भात, भाजीचे देठ, निवडताना पडलेली कणी जरूर घाला, पण दुपारनंतर. सकाळीच भाताने पोट भरलं की अंड्याला लागणारं प्रथिन आणि चुना त्यांना मिळत नाही आणि महागाचं खाद्य भांड्यात तसंच पडून राहतं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, खाद्यात मिसळू नका. जिला हवा ती तेवढाच घेते.

हे सगळं करूनही, परातीत काही पडत नाही, रात्री वजन घटत नाही, आणि तरी १० कोंबड्या दीड-दोन किलो खात असतील, छातीचं मधलं हाड मात्र हाताला टोकदार लागत असेल, तर पोटात जंत असण्याची शक्यता आहे. तेव्हा शिट नेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा आणि औषध त्यांच्या सांगण्यावरूनच द्या. औषध दिल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत हेही तिथेच विचारून घ्या.