घर राहू दे, पोरं संध्याकाळी एकटी कुठे जाणार ते आधी सांगा

प्रश्न : ताई नमस्कार, तुमचं सदर नेहमी वाचते, लिहितेय मात्र पहिल्यांदाच. नवऱ्याची बदली झालीये आणि तीन महिन्यांत नव्या शहरात जायचंय. मुलगी पंधराची, मुलाला नुकतीच तेरा पूर्ण झालीत. तीन एरिया शॉर्टलिस्ट केलेत. पहिला नवऱ्याच्या ऑफिसला लागूनच आहे, पण आजूबाजूला सगळी ऑफिसंच, सातनंतर रस्त्यावर चिटपाखरू नसतं. दुसरा शहराबाहेर, नवीन वसाहत, तेवढ्याच भाड्यात दीडपट घर, मुलांना वेगवेगळ्या खोल्या, झाडं, शांतता, पण शाळा बसने पन्नास मिनिटं. तिसरा जुना गजबजलेला भाग, घर लहान, दोघांना एकाच खोलीत राहावं लागेल, बिल्डिंगचा रंग उडालाय, पण शाळा चालत बारा मिनिटं. नवरा म्हणतो पहिला, माझी बहीण म्हणते दुसरा, कारण चांगल्या एरियात मुलांना आपोआप चांगलं वळण लागतं म्हणे, आणि मुलगी म्हणते मला कुठेच यायचं नाहीये आणि दार लावून घेते. काय करू?
— दार ठोठावून दमलेली

उत्तर : तिसरा घ्या.

आता हे इतक्या ठामपणे का सांगतेय, तर मी स्वतः दुसरा घेऊन बसले होते. मुलगा चौदाचा होता तेव्हा, शहराबाहेर, मोठं घर, त्याच्या खोलीच्या खिडकीतून नुसती झाडं. पहिला आठवडा स्वारी खूश. मग शाळा सुरू झाली, फुटबॉलच्या टीममध्ये नाव आलं, आणि लक्षात आलं की प्रॅक्टिस साडेसातला संपते आणि आमच्या बाजूची शेवटची बस सात चाळीसची, आणि ग्राउंडपासून स्टॉप वीस मिनिटं. म्हणजे ड्रायव्हर कोण, तर मी. एका शनिवारी मित्रांचं कुठेतरी भेटायचं ठरलेलं, हा दारापाशी पायरीवर बसलेला, बुटांच्या लेस बांधून, आणि मी आत ऑफिसच्या कॉलवर, त्याला काचेतून हाताची पाच बोटं दाखवतेय, पाच मिनिटं, पाचच मिनिटं. पंधरा मिनिटांनी किल्ली घेऊन बाहेर आले तर हा लेस सोडत होता. म्हणाला, राहू दे, आता ते निघाले असतील. आवाजात राग नव्हता, नुसता हिशोब होता, आणि त्यानंतर त्याने विचारणंच बंद केलं. आम्ही दोघं मात्र नातेवाइकांना कौतुकाने सांगत होतो की पोरगं किती शांत झालंय, घर सोडून कुठे जात नाही!

तर घोडं इथे अडतं. आपण घर बघतो ते दहा वर्षांच्या पोराच्या हिशोबाने, बाग आहे का, गाड्या कमी आहेत का, सुरक्षित आहे का. लहान मुलाला आपण नेतोच, त्यामुळे तो एरिया आपला असतो आणि पोर मागून येतं. तेरा-चौदानंतर उलट होतं, त्याला आपल्याशिवाय जाता आलं पाहिजे आणि आपल्याला न विचारता परत येता आलं पाहिजे, नाहीतर घर कितीही मोठं असलं तरी ते त्याच्यासाठी वेटिंग रूमच.

दोस्ती होते कशी, यावर एक जुना आणि फार साधा अभ्यास आहे. फेस्टिंगर, शाख्टर आणि बॅक या तिघा संशोधकांनी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या विद्यार्थी-जोडप्यांच्या वसाहतीत लोकांना विचारलं की इथे तुमचे जवळचे मित्र कोण. १९५० साली छापलेल्या त्या निकालात अगदी शेजारच्या दाराला ४१ टक्के, आणि त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला फक्त १० टक्के! एकाच मजल्यावर बरं का. ते लोक मोठे होते, मुलं नव्हेत, पण मुद्दा तोच की मैत्री स्वभाव जुळून होते असं आपण म्हणतो आणि ती होते जिन्यात चारदा धडकून. तुमची पोरं नवीन शाळेत मधल्या सत्रात जाऊन पडणार, सगळ्यांचे ग्रुप आधीच बनलेले, अशा वेळी बारा मिनिटांच्या त्या चालत्या रस्त्यावर रोज तीच दोन-चार तोंडं दिसणं हे पन्नास मिनिटांच्या बसपेक्षा लाखपटीने कामाचं. बसमध्ये काय, प्रत्येकाच्या कानात हेडफोन.

आणि झोप. हा मुद्दा आईबापांना आळसाचा वाटतो पण तो शरीराचा आहे. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा वाढतं, म्हणून पंधराच्या मुलीला दहाला झोप म्हटलं तरी ती येत नाही, आणि गरज मात्र आठ ते दहा तासांची. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये उगाच नाही सांगितलं की या वयाच्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरवू नका. शाळेची वेळ तुमच्या हातात नाही, पण प्रवास आहे. पन्नास आणि बारा यात अडतीस मिनिटांचा फरक, आणि तो सगळा पहाटेच्या झोपेतून जाणार, रोज. त्या दीडपट घराचं खरं भाडं हे.

आता तुमच्या बहिणीचं म्हणणं, चांगल्या एरियात मुलांना आपोआप वळण लागतं. अर्धं खरंय. अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात पाच शहरांत एक मोठा प्रयोग झाला, सुमारे ४,६०० गरीब कुटुंबं, चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून त्यातल्या काहींना कमी गरिबीच्या भागात राहायला जाण्यासाठी भाड्याची मदत दिली. पुढे चेट्टी, हेंड्रेन आणि कॅट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी ती मुलं मोठी झाल्यावर त्यांची कमाई तपासली, २०१६ मध्ये ते छापून आलं. वयाची तेरा पूर्ण व्हायच्या आत नव्या भागात गेलेली मुलं पंचविशीत, मदत न मिळालेल्या घरांतल्या मुलांपेक्षा साधारण ३१ टक्के जास्त कमवत होती. आणि तेराच्या पुढे गेलेली? त्यांना फायदा नाहीच, उलट थोडा तोटाच दिसला. लेखकांचा अंदाज असा की उखडण्याचा त्रास झाला, आणि नवा एरिया मुरायला वर्षंच उरली नाहीत. तुमच्या धाकट्याला नुकतीच तेरा पूर्ण झालीत म्हणून घाबरू नका, तेरा म्हणजे काही वाढदिवसाला बंद होणारा दरवाजा नव्हे, आणि ती कुटुंबं फार गरीब होती, तुमची गोष्ट वेगळी आहे. पण एरियाच्या नावावर भरवसा ठेवून पंधराच्या मुलीला कुठेही नेऊन ठेवलं आणि ती आपोआप फुलली, असं होत नाही एवढं मात्र त्यातून घ्या. या वयात उखडण्याचा त्रास कमी कसा होईल हे आधी बघायचं, पत्ता किती भारी हे नंतर.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीये. शाळेत दोघांच्या वर्गात जागा आहे का आणि मुलीला हवे ते विषय आहेत का, हे लेखी विचारलंय ना? नसेल तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि आधी ते करा, कारण शाळा बदलली की बारा मिनिटांचं गणितच कोसळतं आणि मग सगळं पहिल्यापासून.

मग फायनल करायच्या आधी एक चक्कर मारा, पण रविवारी सकाळी नाही, रविवारी सकाळी सगळेच एरिया गोड दिसतात. कामाच्या दिवशी, संध्याकाळी पाच ते नऊ, गाडी न घेता, दोन्ही पोरांना घेऊन. तुम्ही एका ठिकाणी बसा आणि त्यांना पाठवा, लायब्ररी शोधा, एक वही विकत आणा, शाळेच्या गेटपर्यंत जाऊन या. पोरं काय सांगतात ते ऐका, ती आपल्याला न दिसलेलंच सांगतात, माझ्या भाचीने अशाच चकरेत शेवटच्या बसची वेळ स्टॉपवर जाऊन वाचली होती आणि आम्ही मोठे तोवर किचनचे ओटे बघत होतो. एजंटचं 'पाच मिनिटांवर' हे गाडीचं असतं बहुतेक वेळा, माणूस मिनिटाला साधारण ऐंशी मीटर चालतो, नकाशावर अंतर बघा आणि स्वतः भागाकार करा. त्यांच्या वयाची मुलं कुठे उभी दिसतात का, आणि तिथून त्यांना कोणी हुसकावत नाही ना, हे बघा. अंधार पडल्यावर मुलीबरोबर शाळा ते घर एकदा चाला, तळमजल्यावर दुकानं उघडी आहेत का, खिडक्यांत माणसं आहेत का, की नुसत्या लांबच लांब भिंती. शहरांबद्दल लिहिणाऱ्या जेन जेकब्ज नावाच्या बाई १९६१ पासून हेच सांगत होत्या की रस्ता सुरक्षित होतो तो रस्त्यावर असलेल्या नजरांनी, आणि म्हणूनच नवऱ्याच्या ऑफिसजवळचा तो सात वाजता ओस पडणारा भाग मी पहिल्याच फटक्यात काढला. आणि एरिया सेफ आहे का हे तिथल्या एखाद्या बाबांना नका विचारू, तिथे राहणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीला विचारा, की तू क्लासवरून परत कुठल्या रस्त्याने येतेस आणि कुठला टाळतेस.

नवऱ्याला प्रवास पडेल, पडू दे. मोठ्या माणसाला ऑफिसात मित्र आयते मिळतात.

एक खोली दोघांना, हा खरा तोटा आहे, तो मी गोड करून सांगणार नाही. पंधराची मुलगी आणि तेराचा मुलगा, दोघांचे सूर्य वेगवेगळ्या वेळी मावळतात. मधे जाड पडदा नाही चालत, कपाट उभं करा पाठीला पाठ लावून, प्रत्येकाला स्वतःचा दिवा आणि कुलूप लागणारा एक खण. आणि शक्य असेल तर हॉल तिला झोपायला देऊन टाका, पाहुणे वर्षातून चारदा येतात, पोरगी रोज झोपते. करार वर्षाचाच करा.

मुलीचं दार. 'तुला आवडेल बघ तिथे' हे वाक्य बंद करा, तिला कशाला आवडेल, तिची माणसं इथे सुटतायत. कुठे जायचं यावर तिला मत देऊ नका, कारण ते तुम्ही पाळू शकणार नाही आहात, पण नकार द्या एक, म्हणजे तीनपैकी एक एरिया ती कारण न सांगता कापू शकेल आणि तो खरंच कापायचा, मग तिने तिसराच कापला तरी. हो, तेव्हा माझं वरचं सगळं पुराण वाया, तरी कापायचा. आणि जायच्या आधीच परत यायची तारीख ठरवून तिकीट काढून तिच्या हातात द्या, मैत्रिणींना भेटायला, पहिल्या सुट्टीतलं.

प्रश्न : शिफ्ट होऊन चार महिने झाले, भाग चांगला, शाळा जवळ, तरी चौदाचा मुलगा दिवसभर जुन्या मित्रांशीच ऑनलाइन गेम खेळतो. फोन काढून घेऊ का? 
— एक बाबा

उत्तर : नका काढू, त्याच्याकडे सध्या तेवढीच माणसं आहेत. आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वेळी, तीच तोंडं परत परत दिसतील अशा एका ठिकाणी त्याला टाका, पोहणं, तबला, सायकल, जे काय असेल ते, आणि तिथे त्याला स्वतः जाता येत असेल तरच टाका. झोप, खाणं किंवा शाळा बिघडली असेल तर मात्र वाट बघत बसू नका, शाळेतल्या कौन्सेलरला भेटा. आणि तुम्ही स्वतः त्या गेममध्ये एकदा बसून हरून बघा, माझ्या पोराने माझ्याशी पहिलं धड वाक्य मी सलग सहाव्यांदा मेले तेव्हा बोललं होतं.