ल प्वी ते काँक: चढापेक्षा घड्याळ सांभाळा

तंबू न्यावा का, गाइड लागेल का, आणि वहिनींचा गुडघा नि शाकाहार सांभाळून मेअखेरच्या दहा-अकरा दिवसांत फ्रान्सच्या डोंगर-जंगलांतून, जुन्या गावांतून जाणारी कोणती वाट धरावी, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या दोन्हींचं उत्तर 'नाही' असं आहे. तिसऱ्याचं माझ्यापुरतं ठरलेलं आहे: ल प्वी-आं-व्हले ते काँक. साधारण 200 किलोमीटर, दहा टप्पे. ही वाट मी दोनदा चालले आहे, एकदा जूनमध्ये एकटी आणि नंतर सप्टेंबरमध्ये भावाबरोबर.

तुम्ही पंचवीस वर्षं सह्याद्री पालथा घातलाय म्हणून आधीच सांगते, तो अनुभव तिथे पायांना उपयोगी पडेल, नियोजनाला नाही. आपल्याकडे रात्रीची एसटी पकडायची, पहाटे पायथ्याच्या गावात उतरायचं, वाट चुकली तर गुराख्याला हाक मारायची, उशीर झाला तर देवळात पथारी टाकायची. रात्री नऊला कुणाच्या ओसरीवर टेकलं तरी पिठलं-भाकरी मिळते. फ्रान्सच्या खेड्यात चढ तुलनेने सोपे, वाट रंगवून ठेवलेली. जड जातं ते गावाचं घड्याळ. दुकान साडेबाराला बंद होतं ते तीनच्या पुढे उघडतं. रविवारी दुपारनंतर आणि बऱ्याच गावांत सोमवारी अख्खा दिवस शटर खाली. जेवण साडेसातला, आणि साडेसात म्हणजे साडेसात.

माझ्या पहिल्या खेपेला हे अंगाशी आलं. मुक्कामाच्या मालकीणबाईंनी फोनवर सांगितलं होतं की सहाच्या आत या. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे मी ओढ्यात पाय सोडून बसले, फोटो काढले आणि पावणेआठला पोचले. माझी खाट दुसऱ्या कुणाला दिलेली. बाई ओरडल्या नाहीत, ते एक बरं, पण जेवणाच्या लांब टेबलावर बारा माणसं सूप संपवून पुढच्या पदार्थासाठी माझ्याकडे बघत होती. रात्री कपाटांच्या बोळात गादी टाकून झोपले. तेव्हापासून उशीर होणार असं दिसलं की तीनच्या सुमारास मुक्कामाला फोन करते. मोडकंतोडकं फ्रेंच चालतं, न कळवणं चालत नाही.

म्हणून किलोमीटर नंतर मोजा, आधी खाटा पक्क्या करा. या मुक्कामांना 'जीत देताप' म्हणतात. सामायिक खोलीत चार ते दहा खाटा असतात, काही ठिकाणी दोघांची वेगळी खोलीही मिळते. झोपणं, रात्रीचं जेवण आणि सकाळचा पाव-जॅम-कॉफी मिळून माणशी साधारण 45 ते 60 युरो पडतात. बरेच जण कार्ड घेत नाहीत, रोकड ठेवा. हीच बुकिंगं शेंगेन व्हिसासाठी राहण्याचा पुरावा म्हणूनही चालतात, शिवाय किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. तंबू नेलात तर दोन-तीन किलोंच्या ओझ्यापायी त्या टेबलावरचं जेवण गमवाल, आणि निम्मी सहल त्या टेबलावरच असते.

गाइड का नको, तर खुणांमुळे. ही वाट जीआर 65. आपल्याला जीआर म्हटलं की मंत्रालय आठवतं, इथे त्याचा अर्थ लांब पल्ल्याची पायवाट. झाडावर, कुंपणाच्या खांबावर, घराच्या कोपऱ्यावर पांढरा नि लाल असे दोन आडवे पट्टे दिसले की सरळ चला. पट्ट्यांखाली बाण असेल तर तो दाखवेल तिकडे वळा. पांढऱ्या-लाल पट्ट्यांची फुली दिसली तर ती वाट तुमची नाही, मागे फिरा. पिवळे पट्टे गावाभोवतीच्या छोट्या फेऱ्यांचे असतात, त्यांच्या मागे लागू नका. मी एकदाच चुकले, वाटेवरच्या मार्जरीद नावाच्या डोंगराळ भागातल्या पाइन जंगलात. अर्धा तास खूण दिसेना. परत फिरले तर वळणावरचं झाड तोडलेलं आणि पांढरे-लाल पट्टे रस्त्याकडेच्या ओंडक्यांच्या ढिगात उभे होऊन पडलेले. तेव्हा फोनवर नकाशा उतरवून ठेवाच.

आता वाटेबद्दल. ल प्वीला एक दिवस आधी पोचा. गाव जुन्या ज्वालामुखींच्या खोऱ्यात आहे आणि दगड आपल्यासारखाच काळा. एका सुळक्याच्या माथ्यावर दहाव्या शतकातलं सँ मिशेलचं चॅपल आहे, चढायला 268 पायऱ्या. शेजारच्या कड्यावरची मेरीची तांबडी मूर्ती क्रिमियन युद्धात सेबास्तोपोलला जिंकलेल्या तोफा वितळवून 1860 साली उभारली. वाटही तेवढीच जुनी: इथला बिशप गोदेस्काल्क 950-51 साली स्पेनमधल्या सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्री जाऊन आला. आजही सकाळी सातच्या प्रार्थनेनंतर यात्रेकरूंना आशीर्वाद देतात, मग कॅथेड्रलच्या जमिनीतलंच एक दार उघडतं आणि सगळे सॅका पाठीवर टाकून त्या पोटातल्या जिन्याने थेट शहरात उतरतात. श्रद्धा असो-नसो, ती उतरण चुकवू नका.

पहिला दिवस सँ-प्रिव्हापर्यंत 23 किलोमीटर. दुसरा सोगपर्यंत फक्त 19 आहे म्हणून त्याला हलक्यात घेऊ नका, वहिनींच्या गुडघ्याची खरी परीक्षा तिथेच आहे. रोशग्युदच्या टेकाडावरचं छोटं चॅपल ओलांडलं की आलिए नदीपर्यंत तीव्र उतार आहे, मुळं नि सुटे दगड, पाऊस झाला असेल तर आपल्या घसाऱ्याची आठवण येईल असा. खाली मोनिस्त्रोलला आयफेलच्या कंपनीचा लोखंडी पूल, मग लगेच कातळाच्या कपारीत बसवलेल्या चॅपलवरून अंगावर येणारा चढ. दोन काठ्या न्या, एक नको. आणि सॅक गाडीने पुढे पाठवा. दर मुक्कामाला सॅकमागे साधारण 8-10 युरो घेऊन ती पुढच्या गावी पोचवणाऱ्या व्हॅन या वाटेवर रोज धावतात. यात कमीपणा नाही, निम्मे फ्रेंच तेच करतात.

सोगपासून जंगल सुरू होतं. हा जुना जेव्होदाँ प्रांत. 1764 ते 1767 या तीन वर्षांत इथे एका हिंस्र जनावराने गुराखी मुलं नि बायका मिळून शंभराच्या आसपास माणसं मारली. राजाने शिकारी धाडले, शेवटी ते पडलं जाँ शास्तेल नावाच्या स्थानिक माणसाच्या गोळीला. लांडगा होता की आणखी काही, यावर सोगमध्ये अजून वाद घालतात. तिसऱ्या रात्री जमलं तर ल सोव्हाजला राहा. 1290 मीटर उंचीवर, भोवती कुरण नि पाइन, मधे ग्रॅनाइटचं एकच अजस्र घर. आसपास दुसरं काहीही नाही. चौथा टप्पा ओमाँपर्यंत 27, तो पायांना लांब वाटतो.

पुढचं ओब्राक पठार तुमच्या 'जंगलातून' या अटीत बसत नाही, तिथे मैलोगणती झाड नाही. तरी ते टाळण्यासाठी वाट बदललीत तर हळहळाल. कासच्या सड्याची कल्पना करा, पण शेकडो चौरस किलोमीटरची: दगडी बांध, रानटी नार्सिसस, आणि काजळ घातल्यासारख्या काळ्या कडांच्या डोळ्यांच्या बदामी गाई. मेच्या 25 तारखेच्या आसपासच्या शनिवार-रविवारी खालच्या गावांतून गुरं वर चरायला आणतात. शिंगांना फुलं, गळ्यात घंटा, मोठी जत्रा असते. तुमच्या तारखा नेमक्या त्यावर पडताहेत. एक तर त्या रात्री आत्ताच राखा, नाहीतर चार दिवस पुढे सरका. मधलं काही करू नका. मेमध्ये फ्रेंचांच्या जोडून सुट्ट्या असतात, त्या वेगळ्याच. ल प्वीहून शनिवारी-रविवारी निघणाऱ्यांचा लोंढा पुढे प्रत्येक मुक्कामी तुमच्याबरोबरच येतो, म्हणून मंगळवारी किंवा बुधवारी निघा.

नास्बिनालहून चढून गेलं की ओब्राक गाव लागतं. 1120 च्या सुमारास अदालार नावाच्या सरदाराने इथे यात्रेकरूंसाठी मठ-धर्मशाळा बांधली. धुकं नि बर्फाच्या रात्री तिथली घंटा वाजवत राहायचे. तिच्यावर लॅटिनमध्ये कोरलं होतं, 'भरकटलेल्यांना परत बोलाव'. मला जूनमध्येच तिथे असं धुकं भेटलं की पुढचा खांब दिसेना, तेव्हा त्या घंटेचं कौतुक पुरेपूर कळलं. वाऱ्याचं जॅकेट सॅकच्या तळाशी नको, वर ठेवा. इथून सँ-शेली म्हणजे 1300 वरून 800 मीटरवर उतार, पण बीचच्या सावलीतून आणि बेताचा. नास्बिनाल ते सँ-शेली हा 17 किलोमीटरचा तुकडा 1998 पासून जागतिक वारशात आहे.

यापुढची गावं म्हणजे तुम्ही मागितलेली 'जुनी गावं'. सँ-कोमच्या चर्चचा कळस पिळलेल्या फडक्यासारखा वळलेला, एस्पालियाँचा तांबड्या दगडाचा जुना पूल, एस्तँचा किल्ला. एक गंमत बघत चला: घरांच्या भिंती सांगतात की पायाखाली कोणता दगड आहे. ल प्वीला काळा, मार्जरीदला करडा ग्रॅनाइट, लॉत नदीकाठी तांबडा, काँकला पातळ पापुद्र्यांचा. एस्पालियाँ ते एस्तँ फक्त 11 किलोमीटर आहे. तो दिवस मुद्दाम तसाच ठेवा, कपडे धुवा, गुडघ्याला विश्रांती द्या. एस्तँहून गोलिन्याकचा चढ नि पुढचं ओक-चेस्टनटचं रान दाट आहे. तिथे मोजे पँटवर चढवा नि संध्याकाळी गोचीड तपासा, तिच्या चाव्यातून होणारा लाइमचा आजार तिथे खरोखर होतो.

वहिनींच्या जेवणाचं. बुकिंग करताना 'शाकाहारी' एवढंच सांगून थांबू नका, 'मांस नाही, मासे नाहीत, लार्दों नाहीत' असं म्हणा. लार्दों म्हणजे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे. ते सॅलडमध्ये, सूपमध्ये, ल प्वीच्या प्रसिद्ध हिरव्या मसुरातही असतात, आणि अनेकांच्या लेखी तो मसाला असतो, मांस नव्हे. ओब्राकचा आलिगो मात्र त्यांच्यासाठीच केल्यासारखा आहे: बटाट्याच्या लगद्यात ताजं, न मुरलेलं चीज, साय नि लसूण. एका मुक्कामी मालक पातेलं घेऊन टेबलाशी आला, लाकडी पळी वर उचलत उचलत खांद्यापर्यंत नेली, तरी खालून तार तुटेना. शेवटी बायकोने कात्रीने कापली. सोबतचं सॉसेज 'नको' म्हणा. चीजमध्ये रेनेट, म्हणजे दूध फाडायला वापरलेला वासराच्या पोटातला पदार्थ असतो, तो चालत नसेल तर आधीच ठरवा. दुपारसाठी पाव, फळं नि दाणे सोमवारच्या आदल्या दिवशीच घेऊन ठेवा. मी एका सोमवारी चर्चच्या बाकावर चिक्कीवर दुपार काढली आहे. पाणी भरायला दफनभूमीत जायला कचरू नका, जवळजवळ प्रत्येकीत नळ असतो. फक्त 'पिण्यायोग्य नाही' अशी पाटी नाही ना, बघा.

बऱ्याच मुक्कामी सॅक नि बूट दाराबाहेरच ठेवायला लावतात, ढेकणांच्या धास्तीने. राग मानू नका. खाटेवर चादर नसते, आपली पातळ खोळ न्यावी लागते. तिला बोलीभाषेत 'सॅक आ व्हियांद' म्हणतात, म्हणजे शब्दशः मांसाची पिशवी. वहिनींना कल्पना देऊन ठेवा.

शेवटचा टप्पा 21 किलोमीटर, आणि काँकमध्ये शिरताना पुन्हा गुडघेफोडी उतार. निवांत उतरा. तिथल्या सँत फ्वा या संतिणीच्या मठाच्या दारावरचा, दगडात कोरलेला अंतिम निवाड्याचा देखावा संध्याकाळच्या उन्हात बघा. 124 आकृत्या आहेत, पण स्वर्ग-नरक बघून झाल्यावर कमानीच्या कडेला नजर न्या. तिथे दगडाच्या पट्टीआडून नुसती डोकी नि बोटं काढून काहीजण चोरून बघताहेत. आतल्या 104 खिडक्यांना पिएर सुलाज या चित्रकाराने 1994 साली बिनरंगी काच बसवली. काही जणांना ती कोरडी वाटते. मी पहाटे आणि दुपारी दोनदा जाऊन बसले, भिंतीवरचा उजेड दोन्ही वेळी वेगळा होता.

काँकहून बस फार कमी आहेत. त्यामुळे रोदेझ स्टेशनपर्यंतची टॅक्सी मुक्कामावरच आदल्या रात्री सांगून ठेवा, आणखी दोन-तीन चालणारे मिळाले तर भाडं वाटून जातं. आणि परतीचं विमान त्याच दिवशीचं घेऊ नका. तारखा पक्क्या झाल्या की ओब्राकच्या दोन रात्रींना आधी फोन करा, बाकीच्या नंतर.