प्रमुख बदलले की परंपरा बदलते का?

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाचे प्रमुख गेल्या वर्षी निवर्तले. नव्या प्रमुखांनी एकादशीच्या भजनाची वेळ आणि क्रम बदलल्याने जुनी मंडळी दुखावली आहेत. नेतृत्व बदलले की धार्मिक चळवळीचा मूळ हेतूही बदलतो काय?
— एक वाचक, लश्कर (ग्वाल्हेर)

उत्तर : आपल्या प्रश्नाचा धागा ग्वाल्हेरपर्यंतच येतो. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केलेल्या सोहळ्यात ज्ञानोबा आणि तुकोबा या दोघांच्या पादुका एकाच पालखीतून पंढरीला जात. पुढे वारसांमध्ये मानपानावरून वाद वाढले, तेव्हा ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या चाकरीत राहिलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी १८३२ च्या सुमारास माउलींचा सोहळा वेगळा काढला. त्यांनी अभंगाचा एक शब्दही बदलला नाही. मात्र दिंड्यांचे क्रम लावले, अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे आणले आणि सगळ्या वाटचालीला लष्करी शिस्त दिली. नेता बदलला की पहिल्यांदा बदलते ती रीत, आणि तेवढ्याने घाबरून जाण्याचे कारण नाही.

मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की हजारोंचा जमाव एका क्षणात शांत होतो. पण ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवीतच राहते, आणि चोपदार तिथे जाऊन तिचे म्हणणे ऐकतो. माणसे गेली, पिढ्या गेल्या, तरी गाऱ्हाणे ऐकण्याची ही जागा टिकली, हे मला त्या सोहळ्याचे मोठे बळ वाटते.

याउलट सत्यशोधक समाजाकडे पाहा. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या या समाजाची धुरा जोतीरावांच्या निधनानंतर, म्हणजे १८९० नंतर, सावित्रीबाईंनी वाहिली. १८९३ च्या सासवड अधिवेशनाच्या त्या अध्यक्षा होत्या. पुढे शाहू महाराजांच्या आश्रयाने चळवळीला नवा जोर आला खरा, परंतु १९२० नंतर तिची बरीच शक्ती ब्राह्मणेतर पक्षाच्या राजकारणाकडे वळली आणि पुरोहितावाचून लग्न लावण्यासारखे, घराघरांतले काम मागे पडत गेले. इथे हेतूलाच धक्का लागला होता, आणि त्याची हळहळ आजही वाटते.

म्हणून आपल्या मंडळात नेमके काय बदलले ते आधी पाहावे. वेळ किंवा चाल बदलली असेल, तर जुन्यांनी थोडे सोसावे. भजनाला कोणी बसावे आणि कोणी नाही, हे बदलले असेल, तर आरतीनंतर सर्वांसमोर, नव्या प्रमुखांचा मान राखून, तो विषय अवश्य काढावा.