‘कायनेज’वर पोट भरेल का?

(लातूरजवळच्या एका शिक्षक-पालकांचं पत्र आलंय. मुलगी बारावीला, नीटचा क्लास सुरू. तिच्या आत्याला सीएमएल हा रक्ताचा कर्करोग आहे; इमॅटिनिबची रोजची गोळी घेऊन ती घर आणि शेत दोन्ही सांभाळते. ही गोळी चालते कशी, हे वाचता वाचता मुलीने जाहीर केलं: डॉक्टर व्हायचं नाही, कायनेजवर संशोधन करायचं. वडील विचारतात, हे नेमकं काय असतं आणि त्यावर पोट भरेल का?)

गुरुजी, नमस्कार.

पेशीत एक निरोप या प्रथिनाकडून त्या प्रथिनाकडे जात असतो: वाढ, थांब, आता दोन हो. त्यासाठी एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूतला फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रथिनावर चिकटवणारी विकरं (एन्झाइम) म्हणजे प्रोटीन कायनेज. माणसात ती पाचशेच्या वर आहेत. तुमच्या ताईंच्या आजारात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन एक जोडकायनेज तयार होतं, बीसीआर-एबीएल. ते बंदच होत नाही, आणि पांढऱ्या पेशी वाढतच राहतात. इमॅटिनिब नेमकं त्याच्या एटीपीच्या जागेत जाऊन बसतं, म्हणजे त्याला चिकटवायला फॉस्फेटच मिळत नाही.

लेकीला यातल्या तारखा मात्र नीट बघायला सांगा. आजारी पेशींतलं ते आखूड गुणसूत्र फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफर्ड यांना दिसलं १९६० साली. गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली २००१ साली. मधल्या चाळीस वर्षांत कित्येकांची अख्खी कारकीर्द एकेका छोट्या प्रश्नावर गेली. क्रेब्ज आणि फिशर या जीवरसायनशास्त्रज्ञांचं प्रथिनांवर फॉस्फेट चिकटण्याबद्दलचं काम १९५०च्या दशकातलं. नोबेल मिळालं १९९२ला. निकाल लागायला एवढा वेळ लागतो, हे आवडतंय का तिला?

प्रयोगशाळेतला दिवस कसा जातो, तेही सांगतो. पेशी फोडल्या की नमुना लगेच बर्फात ठेवायचा आणि त्यात फॉस्फेट उतरवणाऱ्या विकरांना रोखणारी रसायनं घालायची; नाहीतर जे मोजायचं तेच निघून जातं. मग जेलमधून प्रथिनं आकारानुसार वेगळी करायची, मग वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे ती एका पातळ पडद्यावर उतरवून हवं ते प्रथिन प्रतिपिंडाने शोधायचं. पडद्यावरच्या मोकळ्या जागा झाकायला एरवी दुधाची पावडर चालते, पण फॉस्फेट बघताना बरेचजण ती टाळतात, कारण दुधातल्या केसीन या प्रथिनावरच फॉस्फेट असतात. दोन दिवस खपून शेवटी एक काळी पट्टी दिसते. कधी दिसतही नाही. तिथे चिडून उठणारी मुलगी की ‘असं का झालं?’ म्हणत पुन्हा बसणारी, हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत.

आता पोटाचं. बारावीनंतर आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञानशिक्षण-संशोधन संस्थेचा पाच वर्षांचा बीएस-एमएस किंवा चांगल्या कॉलेजात बीएस्सी-एमएस्सी, मग पीएचडीची पाच-सहा वर्षं. सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,०००, घरभाडं वेगळं. म्हणजे पीएचडीत ती तुमच्यावर अवलंबून राहणार नाही. पण त्यानंतर पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची काही वर्षांची तात्पुरती संशोधनाची नोकरी, असतं, आणि प्राध्यापकाच्या जागा थोड्या, इच्छुक फार. पुष्कळजण हैदराबाद, बंगळूर, पुण्यातल्या औषध कंपन्यांत जातात. ती पीछेहाट समजू नका, इमॅटिनिबसुद्धा कंपनीच्याच प्रयोगशाळेत तयार झालं. तिशीपर्यंत हाती स्थिर पगार नसेल, हे घरात आजच बोलून घ्या. लग्नाचा विषय तेव्हा निघणारच, तोही.

नीटची तयारी सोडायची घाई नको. जीवशास्त्र, रसायन, भौतिक याच अभ्यासावर आयसरची आयएटी ही प्रवेश परीक्षा देता येते. फक्त तिथे गणितही तितक्याच वजनाने येतं आणि बायोवाल्या मुली तिथेच गारठतात. तिने गणित सोडलं असेल तर अकरावीचं पुस्तक आत्ताच काढा. लाखांची फी घेणाऱ्या खासगी ‘बायोटेक’ पदवीला मात्र माझा साफ नकार. त्यापेक्षा जवळच्या कॉलेजातली साधी बीएस्सी बरी, प्रयोग स्वतःच्या हाताने करायला मिळत असतील तर.

आणि ‘कायनेजच’ असा हट्ट आज नको. विषय पीएचडीच्या वेळी ठरतो, तोवर रसायन आणि आकडेमोड पक्की हवी. पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपला अर्ज करत राहावं. दोन महिने प्रयोगशाळेत काढले की आवड खरी की गोळीचं कौतुक, तिचं तिलाच कळेल. पुण्यात एनसीसीएस ही पेशींवर संशोधन करणारी संस्था आणि आयसर, खारघरला ॲक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र. तिथले लोकांसाठीचे खुले दिवस जाहीर झाले की तिला घेऊन जा. ताईंनाही न्या, जमलं तर.