मुलाच्या ड्राइव्हवेत आरव्ही लावता येईल का?

मागच्या अंकात आपण उन्हाळ्यात अमेरिकेला मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांच्या विम्याबद्दल आणि औषधांबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या बऱ्याच पत्रांत एक वेगळाच विषय निघाला: तिथे आरव्ही, म्हणजे ओटा, पलंग, फ्रिज, संडास-बाथरूम असलेली गाडी, भाड्याने घेऊन दोघांनी फिरावं का? निवडक पत्रांना ही उत्तरं.

प्रश्न : माझं वय ६६, पत्नीचं ६२. मुलगा डेन्व्हरला असतो. जून-जुलैत त्याच्याकडे राहून मधले पंधरा दिवस यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाकडे आरव्हीने जायचा विचार आहे. इथे पस्तीस वर्षं गाडी चालवली आहे. लायसन्सचं काय करावं आणि गाडी केवढी घ्यावी? (कर्वेनगर)

आधी लायसन्सवरची तारीख बघा. पंचावन्नच्या पुढे आपल्याकडे लायसन्सचं नूतनीकरण पाचच वर्षांसाठी होतं. आंतरराष्ट्रीय परवाना वर्षभर चालतो, पण मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल तर परवानाही त्याच दिवशी संपतो. म्हणून आधी नूतनीकरण, मग ‘सारथी’ पोर्टलवर परवान्याचा अर्ज. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती जवळ ठेवा. तिकडे गाडी ताब्यात घेताना परवाना आणि मूळ लायसन्स दोन्ही दाखवावी लागतात. नुसत्या परवान्यावर गाडी मिळत नाही.

दोघांना २५ फुटी ‘क्लास सी’ पुरते. ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला माळा असतो, तीच ही गाडी. तीस फुटी घेण्याचा मोह टाळा. ग्लेशियर पार्कमधल्या ‘गोइंग टू द सन’ रस्त्याच्या डोंगरी टप्प्यावर २१ फुटांहून लांब गाडीला बंदीच आहे, म्हणजे तिथे २५ फुटीही चालत नाही. असे रस्ते इतरत्रही आहेत आणि प्रत्येक जादा फुटाला पार्किंग अवघड होत जातं.

उंचीचंही लक्षात ठेवा. गाडी साधारण १२ फूट असते. नेमका आकडा कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. नेहमीचा अपघात हायवेवर होत नाही. जेवणाच्या ड्राइव्ह-थ्रूच्या छताला किंवा पेट्रोल पंपाच्या कडेला गाडी घासते तेव्हा होतो. आणि बहुतेक भाडेकरारांत छताचं आणि गाडीच्या पोटाखालचं नुकसान विम्यातून वगळलेलं असतं. करारातलं ते कलम वाचल्याशिवाय सही करू नका. मुलगा चालवणार असेल तर त्याचंही नाव करारावर हवं. त्याच्या स्वतःच्या कारचा विमा भाड्याच्या आरव्हीला लागू होईलच असं नाही, ते त्याला आधी विचारून घ्यायला सांगा.

वळताना मागचं टोक उलट्या बाजूला बाहेर फेकलं जातं, कारण मागच्या चाकांच्या मागे बराच सांगाडा लोंबता असतो. पंपावरून डावीकडे वळून निघालात तर उजवीकडचा खांब घासतो. आधी सरळ पुढे या, मग वळा. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून राहू नका, खालचा गियर टाका. खंबाटकीत ट्रकवाले करतात तसंच.

डेन्व्हर ते यलोस्टोन ५०० मैलांहून जास्त आहे. एका दमात जाऊ नका. दिवसाला २०० ते २५० मैल आणि दुपारी चारच्या आत मुक्कामावर. अंधारात, अनोळखी जागी ही गाडी मागे घेणं हे आपल्या वयाच्या माणसांनी करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. पेट्रोल गॅलनला ८ ते १० मैल, म्हणजे लिटरला साडेतीन ते सव्वाचार किलोमीटर धरा. १,५०० मैलांना १६५-१७० गॅलन लागतील. शिवाय बहुतेक कंपन्या भाड्याखेरीज दर मैलाचे, जनरेटरच्या दर तासाचे आणि भांडी-अंथरुणांचे वेगळे पैसे लावतात. दिवसाचं भाडं पाहून हिशोब केला तर तो हमखास चुकतो.

प्रश्न : मुलीच्या घरासमोर मोठी मोकळी जागा आहे. तिथेच आरव्ही लावून त्यात झोपलो तर तिच्याही घरात गर्दी नाही, आमचीही सोय. चालेल का? (बाणेर)

कल्पना छान आहे, पण मुलीने दोन ठिकाणी विचारल्याशिवाय पक्की करू नका. पहिलं म्हणजे तिची सोसायटी, तिकडे एचओए म्हणतात ती. ड्राइव्हवेत, म्हणजे घरासमोरच्या गाडीच्या जागेत, आरव्ही उभीच करायची नाही असा नियम अनेक एचओएंचा असतो. दुसरं, शहराचा नियम. कुठे एक-दोन दिवस चालतं, तर कुठे उभी केलेली चालते पण तिच्यात झोपलेलं चालत नाही. तुम्ही चार दिवसांनी निघून जाल, दंडाची चिठ्ठी मात्र तिच्या नावाने येईल.

परवानगी असली तरी विजेची मर्यादा समजून घ्या. आरव्हीची वायर ३० अँपिअरची, म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॅटची. गॅरेजमधलं साधं सॉकेट १५ अँपिअरचं, १,८०० वॅटचं; त्यातले सतत १,४०० च्या आसपासच ओढावेत. अ‍ॅडॉप्टर लावून दिवे, फ्रिज, मोबाईल आणि बॅटरीचं चार्जिंग होईल. एसी चालवायचा नाही. लांब, बारीक एक्स्टेंशन लावून एसी सुरू केला की व्होल्टेज पडतं, वायर तापते आणि कॉम्प्रेसर जळू शकतो. एक्स्टेंशन लागलंच तर १० गेजची जाड वायर घ्या. गॅरेजच्या सॉकेटला गळती पकडणारा स्विच असतो, तो आरव्ही जोडताच उडणं ही नेहमीची तक्रार. बहुतेकदा आरव्हीतल्या विजेच्या गीझरच्या कॉइलमुळे होतं. गीझर गॅसवर घ्या आणि पुन्हा जोडा.

ड्राइव्हवेला उतार असतो, त्याचा त्रास फ्रिजला होतो. आरव्हीतला गॅसवर चालणारा फ्रिज कॉम्प्रेसरवर नाही, अमोनियाच्या द्रावणाच्या फिरण्यावर थंड होतो. गाडी कललेली असली की द्रावण एका जागी साचतं, फ्रिज गार होत नाही आणि तसाच तासन्‌तास चालला तर कायमचा बिघडतो. चाकांखाली प्लास्टिकचे ठोकळे घालून गाडी समतल करा. मोबाईलमधली लेव्हल पुरते.

मुलीच्या दारात टाकी मात्र रिकामी करायची नाही. भांड्यांचं पाणीसुद्धा गटारात सोडायचं नाही.

प्रश्न : विचारायला संकोच वाटतो, पण संडासाची टाकी कोण रिकामी करतं? आणि आपल्याला पाणी लागतं, त्याचं काय? (सदाशिव पेठ)

तुम्हीच रिकामी करायची. संकोच कसला, हे एक जमलं की निम्मी आरव्ही जमली.

गाडीत तीन टाक्या असतात: पिण्याच्या पाण्याची साधारण ४० गॅलन, म्हणजे १५० लिटर, सिंक-आंघोळीच्या पाण्याची करडी टाकी आणि मैल्याची काळी टाकी, या दोन्ही ३० गॅलनच्या आसपास. आपल्या सवयीचा इथे फायदाच होतो. टाकी तुंबते ती कागदाने आणि पाणी कमी पडल्याने. मगने पाणी वापरणाऱ्यांची टाकी तुंबत नाही, फक्त लवकर भरते. प्रत्येक वेळी धुणं आणि फ्लश धरून अडीच लिटर, दोघांचे दिवसाला दहा वेळा म्हणजे २५ लिटर. चार दिवसांत टाकी काठोकाठ, म्हणून तिसऱ्या दिवशी रिकामी करा. नातवंडं सोबत असली तर दोन दिवसांनी. कागद टाकायचाच तर आरव्हीचा, पाण्यात विरघळणारा टाका. ओले वाइप्स पाकिटावर काहीही लिहिलेलं असलं तरी टाकू नका.

रिकामी करायची जागा कॅम्पग्राउंडला, म्हणजे आरव्हीच्या मुक्कामाच्या तळावर असते, तिला डंप स्टेशन म्हणतात. हातमोजे घाला. दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत ना ते बघा, मगच गाडीच्या तोंडाचं झाकण काढा. व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिला असेल तर सगळं पायावर येतं. जाड पाइप गाडीला फिरवून घट्ट बसवा, दुसरं टोक जमिनीतल्या भोकात खोल घालून त्यावर दगड ठेवा. आधी काळ्या टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण ओढा. आवाज थांबेपर्यंत थांबा, बंद करा. मग करडीचा, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. हा क्रम उलटा केला की घाण पाइपमध्ये राहते आणि पुढचे चार दिवस डिकीतून वास येतो. शेवटी संडासातून दोन गॅलन पाणी आणि टाकीचं औषध सोडा. कोरड्या टाकीत मैला तळाला चिकटतो.

डंप स्टेशनवर दोन नळ असतात. धुण्याच्या नळाला पिण्याच्या पाण्याचा पांढरा पाइप चुकूनही लावू नका.

सांडपाण्याची जोडणी असलेल्या जागी मुक्काम असला की अनेकजण काळा व्हॉल्व्ह उघडाच ठेवून देतात. सोयीचं वाटतं, पण पाणी वाहून जातं आणि घन मैल्याचा ढीग तळाशी वाळत बसतो. टाकी दोन-तृतीयांश भरेपर्यंत व्हॉल्व्ह बंदच हवा. पॅनलवरचा दिवा रिकामी केल्यावरही ‘भरली’ दाखवत असेल तर बहुतेक वेळा आतल्या सेन्सरला कागद चिकटलेला असतो. पाणी भरून पाच-दहा मैल चालवा आणि पुन्हा सोडा.

गीझर ६ गॅलनचा, म्हणजे दीड बादलीचा असतो. अंग ओलं करा, नळ बंद, साबण, मग पुन्हा नळ. बादलीत आंघोळ केलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

प्रश्न : मिक्सर, कुकर, इंडक्शन इथून न्यावं का? (सहकारनगर)

मिक्सर नेऊ नका. आपला २३० व्होल्टचा, तिकडे १२० व्होल्ट. ट्रान्सफॉर्मर लावून चालतो, पण तो जड असतो आणि बॅटरीवर अजिबात चालत नाही. तिकडच्या भारतीय दुकानांत ११० व्होल्टचे मिक्सर मिळतात. कोरडी चटणी, मेतकूट, गोडा मसाला इथूनच दळून न्या, मग मिक्सरचं काम फारसं उरत नाही.

कुकर मात्र जरूर न्या, तीन लिटरचा पुरे. यलोस्टोन सरोवर ७,७०० फुटांवर आहे. तिथे पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी दाणा दाणाच राहतो. कॅम्पग्राउंडच्या शांततेच्या वेळेआधी शिट्ट्या उरकून घ्या.

इंडक्शन एकटं १,८०० वॅट खातं. एसी चालू असताना लावलं तर ब्रेकर उडणारच, मायक्रोवेव्हचंही तेच. वीज नसलेल्या जागी बॅटरीवर फक्त दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा चालतो, भिंतीतली सॉकेट बंद असतात.

फोडणी देण्याआधी छताचा पंखा उघडा, खिडकी उघडा. एवढ्याशा जागेत मोहरी तडतडली की धुराचा अलार्म वाजतो. अलार्मची बॅटरी काढून ठेवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. रात्री गॅसचा हीटर त्याच खोलीत चालणार असतो. जमिनीजवळचा दुसरा अलार्म गॅसगळतीचा. प्रोपेन हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून तो खाली. तेल आणि डाळीचा गाळ सिंकमध्ये जाऊ देऊ नका. ताटं कागदाने पुसून मग धुवा, नाहीतर करडी टाकी काळीहून जास्त घाण वास मारते.

प्रश्न : नातवंडं चार आणि सात वर्षांची. मागे टेबलाशी बसून खेळत येतील ना? (विमाननगर)

नाही. चाइल्ड सीट फक्त पुढे तोंड असलेल्या, व्यवस्थित पट्टा असलेल्या जागेवर बसते. आडव्या सोफ्यावर किंवा मागे तोंड असलेल्या बाकावर नाही. माळ्यावर झोपवून गाडी चालवणं तर दूरच. गाडी ठरवताना पलंग मोजू नका, पट्टे मोजा. चालत्या गाडीत चहाला उठणं आजीलाही बंद.

प्रश्न : यजमान इन्सुलिन घेतात, आणि रात्री झोपेत श्वास अडू नये म्हणून सीपॅप मशीन लागतं. जमेल का? (औंध)

जमेल, तयारी हवी. आरव्हीचा फ्रिज गार व्हायला आठ-दहा तास लागतात, तो आदल्या रात्री सुरू करून ठेवायला सांगा. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. फ्रिजच्या मागच्या पत्र्याला टेकवून ठेवलं तर गोठतं आणि गोठलेलं टाकूनच द्यावं लागतं. दाराच्या कप्प्यात, छोट्या थर्मामीटरसोबत ठेवा. वापरातलं पेन ३० अंशांखाली बाहेर चालतं, पण उभ्या गाडीचा डॅशबोर्ड भट्टीसारखा तापतो, तिथे नको.

सीपॅपसाठी कंपनीचा १२ व्होल्टचा डीसी अ‍ॅडॉप्टर घ्या आणि ह्युमिडिफायरची, म्हणजे हवा दमट करणाऱ्या भागाची, उष्णता बंद ठेवा. बॅटरी संपवते ती तीच. जनरेटरच्या भरवशावर राहू नका. योसेमिटी पार्कमध्ये तो सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७ एवढाच लावता येतो.

प्रश्न : पार्कमधलं आरक्षण पुण्यातून करता येतं का? ज्येष्ठांना सवलत? (एरंडवणे)

येतं. सरकारी कॅम्पग्राउंडांपैकी बरीचशी सहा महिने आधी उघडतात, योसेमिटी पाच महिने. उघडण्याची वेळ सहसा आपल्याकडे संध्याकाळी साडेसात, तिकडच्या हिवाळ्यात साडेआठ असते. लोकप्रिय जागा मिनिटांत जातात, तेव्हा खातं आणि कार्ड आधी भरून ठेवा. यलोस्टोनमध्ये वीज-पाण्याच्या जोडण्या असलेली जागा एकच, फिशिंग ब्रिज. तिचं आरक्षण मात्र पार्कमधली लॉजेस चालवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर होतं.

ज्येष्ठांचा स्वस्त पास फक्त तिथल्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना. उलट २०२६ पासून परदेशी पाहुण्यांचा वार्षिक पास २५० डॉलरचा झाला आहे आणि पास नसेल तर यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन, योसेमिटी धरून ११ पार्कांत सोळा वर्षांच्या आणि त्यावरच्या प्रत्येकाला १०० डॉलर जादा. दोघांना दोन पार्क बघायचे तरी पासच परवडतो. आणि बॅन्फचा मोह झाला तर कॅनडाचा वेगळा व्हिसा इथूनच काढा.

प्रश्न : एवढ्या लांब कशाला? पुण्याहून मे महिन्यात गुहागरला बहिणीकडे कॅम्परव्हॅनने जाता येईल का? जुनी ट्रॅव्हलर घेऊन आतून बदलून घेतली तर? (चिंचवड)

भाड्याने घेऊन जरूर जा. महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्येच आलं आहे. कराड-पाटणवरून कुंभार्ली घाटाने उतरा. वाडीतली वाट गडग्यांमधून जाते आणि वर फणसाच्या फांद्या असतात. बहिणीला आधी रुंदी टेपने मोजायला सांगा, आणि जमत नसेल तर मुख्य रस्त्यालगत लावा. एसीसाठी घरातला १६ अँपिअरचा सॉकेट पुरतो, कारण २३० व्होल्टवर तो अमेरिकेतल्या ३० अँपिअरएवढीच वीज देतो. मेमध्ये कोकणात एसीशिवाय गाडीत झोप लागत नाही.

जुनी गाडी मनाने बदलून घेऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली नोंदणीत नसलेले बदल चालत नाहीत, आणि मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. कारागीर शोधण्याआधी आरटीओत जा.

आपल्याकडे डंप स्टेशन नाहीत, म्हणून पेटीचा संडास असलेली गाडी मागा. वीसेक लिटरची पेटी बाहेर ओढून बहिणीच्या संडासात ओतता येते. तिच्याकडे सेप्टिक टँक असेल तर फॉर्मल्डिहाइडचं औषध पेटीत घालू नका, टँकमधले जीवाणू मरतात.