मेक कोणता शेल वापरते?

प्रश्न : माझ्या उबुंटूवर टर्मिनल उघडले की बॅश हा शेल, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम, चालतो. ‘मेक’ या प्रोग्रामला कोणत्या आज्ञा चालवायच्या ते सांगणाऱ्या मेकफाइलमध्ये मी दुहेरी चौकटी कंसांतली एक अट लिहिली आहे. तीच ओळ टर्मिनलमध्ये टाकली तर चालते. मेकमधून मात्र ‘नॉट फाउंड’ अशी त्रुटी येते. सहकाऱ्याच्या मॅकवर हीच फाइल बिनतक्रार चालते. मेक माझा शेल का वापरत नाही?

उत्तर : ग्नू मेक (तुम्ही वापरता ती मेकची आवृत्ती) तुमचा शेल जाणूनबुजून टाळते. एन्व्हायर्नमेंटमधील, म्हणजे प्रोग्रामला सुरू होताना मिळणाऱ्या नावे-किमतींच्या यादीतील, इतर व्हेरिएबल्स ते उचलते. परंतु ‘शेल’ या व्हेरिएबलमध्ये कोणाला कोणत्या शेलमध्ये काम करायला आवडते एवढेच नोंदलेले असते आणि त्या आवडीनुसार एकाच मेकफाइलचे वागणे माणसागणिक बदलू नये, म्हणून युनिक्स धाटणीच्या यंत्रणांवर ते वगळलेले आहे. मेकफाइलने स्वतः काही सांगितले नसेल, तर आज्ञा ‘बिन’ डिरेक्टरीतील ‘एसएच’कडे जातात.

गोम अशी की, ‘एसएच’ या नावामागे सगळीकडे एकच प्रोग्राम नसतो. उबुंटूने 2006 मधील 6.10 या आवृत्तीपासून तेथे बॅशऐवजी डॅश हा दुसरा शेल बसवला, कारण तो हलका आणि वेगवान आहे. पण त्याला दुहेरी चौकटी कंस कळत नाहीत, ‘सोर्स’ ही आज्ञाही कळत नाही. मॅकवरील ‘एसएच’ मात्र पॉझिक्स (युनिक्स धाटणीच्या यंत्रणांचे सामाईक मानक) पद्धतीने चालणारा बॅशच असल्यामुळे सहकाऱ्याला ही अडचण दिसलीच नाही.

खात्री करून घेताना बहुतेक जण एका ठिकाणी फसतात. रेसिपीत (मेकफाइलमधील आज्ञांच्या ओळींत) दोन डॉलर चिन्हे लावून ‘शेल’ची किंमत छापली, तर आज्ञा डॅश चालवत असतानाही उत्तर ‘बॅश’ असेच येते, कारण मेक स्वतःची किंमत पुढे न देता तुमच्या एन्व्हायर्नमेंटमधील मूळ किंमतच आज्ञेला देते. एक डॉलर आणि गोल कंस वापरून छापल्यास मेकने खरोखर निवडलेला शेल दिसतो.

मेकफाइलच्या आरंभी ‘शेल’ या व्हेरिएबलला बॅशचा पूर्ण पत्ता दिला की त्रुटी जाईल. तथापि अल्पाइन लिनक्सच्या मूळ कंटेनरमध्ये बॅश नसतोच, त्यामुळे तेथे हीच ओळ नवी त्रुटी देईल. तुमची अडचण एका अटीपुरतीच असेल, तर ती एकेरी चौकटी कंसांत लिहावी आणि तुलनेसाठी दोन बरोबर-चिन्हांऐवजी एकच वापरावे. डॅश आणि बॅश दोघांनाही ती चालेल.