एमआरआय नॉर्मल आला, मग आजार नक्की कुठला?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे, दोन वर्षांपूर्वी तो रात्र रात्र झोपेना, कोटींच्या धंद्याच्या गप्पा मारायला लागला तेव्हा पहिल्या डॉक्टरांनी बायपोलर सांगितलं, मग कानात आवाज यायला लागले तर दुसरे म्हणाले स्किझोफ्रेनिया, आणि आता तिसऱ्यांनी फाइलवर स्किझोअफेक्टिव्ह लिहिलंय. ईईजी, एमआरआय दोन्ही नॉर्मल. आई म्हणते पुण्या-मुंबईला नेऊन ब्रेन मॅपिंग करू, एकदाचं काय ते कळेल. करावं का?
– एक बहीण, सांगली

उत्तर : ताई, नका करू, पैसे ठेवा, औषधांना लागतील. ब्रेन मॅपिंग म्हणजे बहुतेक ईईजीचाच कॉम्प्युटरवर काढलेला नकाशा. एमआरआय (मेंदूचा फोटो) आणि ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख) सांगतात ते गाठ, सूज, फिट्स वगैरे काही नाही ना हे बघायला. तेवढं नाही म्हणून नॉर्मल लिहिलं, आजारच नाही असा त्याचा अर्थ कुणी घरी काढू नका.

बायपोलर म्हणजे मूड कधी तेजीत, कधी उदासीत जाणं, स्किझोफ्रेनिया म्हणजे मुख्यतः भास-भ्रम, आणि स्किझोअफेक्टिव्ह म्हणजे दोन्हींचं मिश्रण. या आजारांत मेंदूच्या कामात फरक असतो हे खरंय. संशोधनात पेशंटला इलेक्ट्रोडची टोपी घालतात, आत गार जेल (नंतर केस धुताना वैताग), कानात हेडफोन. टुक, टुक, टुक, टुक आणि मधेच एक टीं. टीं तेवढे मोजायचे. साधारण ३०० मिलिसेकंदांनी ईईजीत एक उंचवटा येतो, त्याला पी-३०० म्हणतात. स्किझोफ्रेनियात तो सरासरीने बुटका असतो, पण गंमत म्हणजे आवाज-भास असलेल्या बायपोलरमध्येही तो बुटकाच सापडतो! दुसरी एक लाट आहे, माणूस मूक सिनेमा बघत असला, आवाजाकडे लक्ष नसलं तरी मेंदूला वेगळा सूर आला की ती उठते, ती मात्र स्किझोफ्रेनियात जास्त मंदावते, बायपोलरमध्ये तेवढी नाही. पण हे सगळं सरासरीचं. दोन तुकड्यांची सरासरी वेगळी असली म्हणून एका पोराच्या मार्कांवरून त्याची तुकडी ओळखता येते का? तसंच.

मुळात स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर हे दोन आजार वेगळे काढले क्रेपलिन या जर्मन मानसोपचारतज्ज्ञांनी, १८९९ मध्ये, पेशंटला वर्षानुवर्षं बघून, कुठल्या मशीनने नाही. मधे बसणाऱ्या पेशंटांसाठी स्किझोअफेक्टिव्ह हे नाव कासानिन या मानसोपचारतज्ज्ञांनी १९३३ मध्ये वापरलं. आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या बी-स्निप या संशोधकांच्या गटाने उलटं करून बघितलं, निदान बाजूला ठेवून फक्त ईईजी, डोळ्यांच्या हालचाली, स्मरणशक्ती-लक्ष यांच्या टेस्टवरून पेशंट लावले तर तीन गट पडले आणि तिन्ही निदानांचे लोक तिन्ही गटांत निघाले. म्हणजे मेंदूला आपल्या फाइलवरच्या नावांचं फारसं पडलेलं नाही. त्यामुळे नाव दोनदा बदललं म्हणून पहिले दोन डॉक्टर चुकलेच असं मी म्हणणार नाही, तेव्हा जेवढं दिसत होतं तेवढं त्यांनी लिहिलं.

तुमच्या डॉक्टरांना खरं हवंय ते घरातच मिळतं. मूड अगदी नीट असताना, झोप व्यवस्थित असतानाही आवाज सलग दोन आठवडे किंवा जास्त टिकले का, की ते फक्त तेजीत किंवा उदासीत यायचे? स्किझोअफेक्टिव्ह म्हणायचं की नाही ते बरंचसं या एका उत्तरावर ठरतं, आणि ते भावापेक्षा तुम्हाला जास्त आठवेल. एक साधी वही करा : तारीख, झोप किती तास, मूड, आवाज आले का, गोळी चुकली का. भावाला सांगून करा हं, लपून नको, नाहीतर पाळत ठेवताय असं त्याला वाटेल. पुढच्या वेळी एमआरआयच्या फिल्मच्या आधी ती वही डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.